‘बेरेशीथ’च्या सहा अक्षरांत येशूचा वधस्तंभ लपलाय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. रविवारी तरुणसंघात तुम्हाला बोलायचंय, मंडळीतल्या एका ज्येष्ठ काकांनी एक व्हिडिओ पाठवलाय आणि त्यात बायबलमधल्या उत्पत्तीचा अगदी पहिला हिब्रू शब्द ‘बेरेशीथ’, म्हणजे ‘प्रारंभी’, घेऊन त्याची सहा अक्षरं चित्रं म्हणून वाचलीयेत. बेथ म्हणजे घर, रेश म्हणजे डोकं, दोन्ही मिळून ‘बर’ म्हणजे पुत्र, आलेफ म्हणजे देव, शिन म्हणजे दात म्हणून चिरडणं, योद म्हणजे हात आणि ताव म्हणजे क्रूस. सगळं जोडलं की वाक्य होतं, ‘देवाचा पुत्र स्वतःच्या हाताने वधस्तंभावर चिरडला जाईल’. तुम्ही विचारताय की हे खरं आहे का, रविवारी सांगू का, आणि नाही सांगितलं तर काकांना वाईट वाटेल त्याचं काय करू.

पुरावा म्हणून सांगू नका, हे माझं उत्तर. पण म्हणून हिब्रू अक्षरांत काहीच नसतं असंही नाही, उलट बरंच असतं, फक्त ते या व्हिडिओत नाहीये. मी बायबल शाळेतल्या मुलांना आणि पाळकांना बरीच वर्षं हिब्रू शिकवतोय आणि मुळाक्षरं संपली रे संपली की हा प्रश्न दर बॅचला येतो. माझ्या मते खरा प्रश्न ‘खरं की खोटं’ एवढाच नाहीये. अक्षरांत जे दिसतंय ते लिहिणाऱ्याने ठेवलं होतं की वाचणाऱ्याने, हा खरा प्रश्न आहे. आणि वाचणाऱ्याने ठेवलेलं असेल तर ते कुठे बोलायचं हे परिस्थितीवर आहे, म्हणजे पहाटे एकट्याने प्रार्थना करताना तुम्हाला ताव बघून वधस्तंभ आठवला तर मी कोण अडवणार, पण व्यासपीठावरून ‘मूळ हिब्रूत असं लिहिलंय’ म्हणालात की ते एक विधान झालं आणि ते तपासावं लागतं.

व्हिडिओत खरा भाग आहे तो आधी मान्य करू. ही अक्षरं चित्रांपासूनच आली. सिनाई द्वीपकल्पात सेराबित अल-खादिम नावाची जागा आहे, नीलमण्यासारख्या फिरोजा खड्यांच्या जुन्या खाणी तिथे, १९०५ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या उत्खनन करणाऱ्या अभ्यासकाला तिथे विचित्र चित्राक्षरं कोरलेली सापडली आणि १९१६ मध्ये अॅलन गार्डिनरने ओळखलं की ही एका सेमिटिक भाषेची अक्षरं आहेत. बैलाचं डोकं काढायचं आणि ‘आलेफ’ म्हणजे बैल या शब्दाचा पहिला आवाज वाचायचा, घर काढायचं आणि ‘ब’ वाचायचं. चित्राचं काम तिथे संपतं, पुढे फक्त आवाज उरतो. आपणही ‘क कमळाचा’ म्हणत शिकलो पण म्हणून ‘कर्ज’ शब्दात कोणी कमळ शोधत बसत नाही.

आता त्या वाक्याकडे बघा. ‘स्वतःच्या’ कुठून आलं? ‘-वर’ कुठून आलं? ‘जाईल’ हा भविष्यकाळ कोणी दिला? सहा चित्रांत यातलं काहीच नाही, सगळं व्याकरण बोलणाऱ्याने बाहेरून घातलंय. आलेफ मुळात बैल, त्याचा ‘देव’ केला, दाताचं ‘चिरडणं’ केलं, आणि ‘बर’ म्हणजे पुत्र हे अरामी, हिब्रूत नेहमीचा शब्द ‘बेन’. (‘बर’ दुसऱ्या स्तोत्रात आणि नीतिसूत्रे ३१ मध्ये येतो, त्यामुळे अगदीच अशक्य म्हणणार नाही, पण बेरेशीथ तिथे तुटत नाही, ‘बे’ आणि ‘रेशीथ’ असा तुटतो.)

वर्गात मी एकच करायला लावतो, हीच चित्रं दुसऱ्या शब्दांना लावून बघा. ‘रेशेथ’ म्हणजे जाळं, त्यात रेश, शिन, ताव, म्हणजे डोकं, दात, क्रूस. ‘शब्बाथ’ म्हणजे विसाव्याचा दिवस, त्यात दात, घर, क्रूस. ‘बाइथ’ म्हणजे साधं घर, त्यात घर, हात, क्रूस. मुलं हसायला लागतात. शिवाय ताव हा हिब्रूत स्त्रीलिंगी शब्दांचा आणि अनेकवचनाचा नेहमीचा शेवट आहे, त्यामुळे असा क्रूस पानोपानी सापडणारच, ‘हत्ताथ’ म्हणजे पाप, त्याच्याही शेवटी तावच आहे.

आणि गंमत अशी की याच सहा अक्षरांवर दुसऱ्यांनीही हात चालवलाय. तिकुने जोहर नावाचा यहुदी गूढग्रंथ आहे, तो या एका शब्दाची सत्तर विवरणं देतो. अक्षरं फिरवली की ‘यरे शब्बाथ’ होतं म्हणजे शब्बाथाचं भय धरणारा, पुन्हा फिरवली की ‘ब्रीथ एश’ म्हणजे अग्नीचा करार. एकही अक्षर उरत नाही, एकही जास्त लागत नाही, म्हणजे व्हिडिओपेक्षा हे काम कितीतरी चोख. मग १४८९ मध्ये इटलीतला पिको देल्ला मिरांदोला, जेमतेम पंचविशी ओलांडलेला हुशार उमराव, त्यानेही हीच अक्षरं वेगवेगळी जुळवून त्यातून पिता, पुत्र, आरंभ, शेवट असं करत करत एक अख्खं वाक्य काढलं. एकाला शब्बाथ मिळाला, एकाला अग्नी, एकाला पिता-पुत्र. ज्याला जे हवं ते मिळतंय, आणि पद्धतीवरचा माझा विश्वास तिथेच संपतो.

आता यातला सगळ्यात मोलाचा भाग. हा व्हिडिओ नवा नाहीये हो! चौथ्या शतकाच्या शेवटी जेरोम बेथलेहेमात बसून हिब्रूतून लॅटिनमध्ये भाषांतर करत होता, त्याने उत्पत्तीच्या हिब्रूवर टिपा लिहिल्यात आणि पहिलीच टीप याच विषयावर आहे. तो म्हणतो की पुष्कळ लोकांना वाटतं, हिब्रूत ‘पुत्रामध्ये देवाने आकाश आणि पृथ्वी केली’ असं आहे, आणि तो नावंसुद्धा घेतो, तर्तुलियन, हिलरी, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मंडळीतली मोठमोठी माणसं. मग सरळ लिहितो की हे खोटं आहे, हिब्रूत असं नाही. पण तो तिथे थांबत नाही. पुढे म्हणतो की शब्दशः भाषांतर म्हणून नाही तरी अर्थाच्या अंगाने ही ओळ ख्रिस्ताकडे नेता येते, कारण योहानाचं शुभवर्तमानही आरंभापासूनच सुरू होतं. मला विचाराल तर ख्रिस्ती माणसाने हिब्रू शास्त्र कसं वाचावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अक्षरात नाही ते नाही म्हणायचं आणि मग ओळीला ओळ लावून अर्थ शोधायचा. योहान १:१ ‘प्रारंभी’ने सुरू होतं ते मुद्दाम, नीतिसूत्रे ८:२२ मध्ये ज्ञान म्हणतं की परमेश्वराने मला आरंभी धरलं आणि तिथे हाच ‘रेशीथ’ शब्द आहे, कलस्सै १ मध्ये पौल ख्रिस्ताला ‘प्रारंभ’ म्हणतो. जुने रब्बी, म्हणजे यहुदी शिक्षक, तेसुद्धा बेरेशीथ वाचताना नीतिसूत्रे ८ कडेच जायचे, फक्त त्यांना तिथे तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र, दिसायची. म्हणजे वाट एकच, मुक्काम वेगळा, आणि अशा ठिकाणी यहुदी माणसाशी निदान बोलता तरी येतं.

मग अक्षरांत लिहिणाऱ्याने खरंच ठेवलेलं काय आहे? मोरोपंतांचं निरोष्ठ रामायण आहे ना, ज्यात ओठाने उच्चारायचं एकही अक्षर येऊ दिलं नाही, तसे अक्षरांचे नियम हिब्रू कवींनीही पाळलेत आणि ते कोणीही मोजून तपासू शकतो. ११९ वं स्तोत्र घ्या, २२ अक्षरं, प्रत्येकाची आठ वचनं, एकूण १७६, आणि आलेफच्या आठही ओळी आलेफनेच सुरू होतात. विलापगीताचा तिसरा अध्याय ६६ वचनांचा का, तर प्रत्येक अक्षराला तीन. यरुशलेम जळालंय, माणूस रडतोय, आणि रडणंसुद्धा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत शिस्तीने चाललंय! स्तोत्र १४५ मध्ये नून म्हणजे ‘न’ची ओळ गायब आहे, २१ च वचनं, आणि मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहेतल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत ती ओळ आहे. यिर्मयात ‘शेशख’ नावाचं राज्य येतं ते म्हणजे बाबेलच, अक्षरं उलटी धरायची, आलेफच्या जागी ताव, बेथच्या जागी शिन, याला आतबाश म्हणतात, आणि अध्याय ५१ मध्ये शेशख आणि बाबेल एकाच वचनात शेजारी शेजारी आहेत म्हणून हे अंदाजाचं काम राहत नाही.

नव्या करारातही आहे. मत्तय वंशावळ चौदा चौदाच्या गटात बसवतो, त्यासाठी मधले तीन राजे चक्क गाळतो, आणि हिब्रूत प्रत्येक अक्षर आकडा म्हणूनही वापरतात, त्या हिशोबाने दावीद या नावाची बेरीज चौदाच, दालेथ चार, वाव सहा, दालेथ चार. मत्तय हे उघड सांगत नाही, पण ‘चौदा’ तो तीनदा म्हणतो आणि पहिल्याच वचनात दावीदाचं नाव घेतो, त्यामुळे मला हे पटतं. प्रकटीकरणातले ६६६ म्हणजे हिब्रू अक्षरांत लिहिलेला ‘नेरोन केसर’, म्हणजे रोमी सम्राट नीरो, ‘नेरोन’मधला शेवटचा न काढला की ५० कमी होऊन ६१६, आणि काही जुन्या प्रतींत आकडा ६१६ च आहे. दोन्ही आकडे एकाच नावाने सुटतात.

पण आकड्यांशी जपून राहा. ‘मशीहा’ची हिब्रू बेरीज ३५८, आणि उत्पत्ति ४९:१० मधल्या ‘शिलो येईल’ या शब्दांचीही ३५८, यहुदी टीकाकारांनीही हे टिपलंय. ऐकायला किती छान. आता ‘नाहाश’ म्हणजे एदेनमधला सर्प, त्याची बेरीज करा. तीपण ३५८! यावर कोणी म्हणेल की बघा, मोशेचा पितळेचा सर्प, योहान ३:१४ मध्ये येशू स्वतःची तुलना त्याच्याशीच करतो. म्हणा बापडे, मीही एकदोनदा ऐकलंय असं प्रवचन आणि ऐकायला चांगलं होतं. पण उत्तर काहीही आलं तरी आपण जिंकणारच असं ज्यात आहे त्याला पुरावा म्हणत नाहीत.

तुम्ही ‘एथ’बद्दलही विचारलं होतं, की उत्पत्ति १:१ मध्ये आलेफ-ताव असा एक शब्द भाषांतर न करता सोडलाय आणि तोच ‘अल्फा आणि ओमेगा’. तो सोडलेला नाही, तो कर्माची खूण आहे, आपल्या ‘रामाला’ मधल्या ‘ला’ सारखी, आणि जुन्या करारात हजारो वेळा येतो. काइनाच्या जन्माच्या वचनात ‘काइन’च्या आधीही आहे, गणना २१ मध्ये विषारी सापांच्या आधीही आहे. यावर तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या जुन्या ग्रंथात, एक गोष्ट आहे ती मी प्रत्येक बॅचला सांगतो. शिमोन नावाचा एक विद्वान तोरातल्या प्रत्येक ‘एथ’चा गूढ अर्थ सांगत चालला होता. ‘तुझा देव परमेश्वर याचं भय धर’ या आज्ञेशी आला, तिथेही ‘एथ’ आहे, आता देवाबरोबर आणखी कोणाचं भय धरायचं? तो थांबला. शिष्य म्हणाले, मग आधीच्या सगळ्या अर्थांचं काय? तो म्हणाला, अर्थ लावल्याचं जसं बक्षीस मिळालं तसं सोडून दिल्याचंही मिळेल. पुढे रब्बी अकिवाने त्या ‘एथ’चाही अर्थ लावला, तो भाग वेगळा. पण मला शिमोनच जास्त आवडतो.

ते दर वीस अक्षरांनी उडी मारून यशया ५३ मध्ये ‘येशूआ’ सापडणं वगैरे, त्यावर जास्त वेळ घालवत नाही. येशूआ हे चार अगदी नेहमीच्या अक्षरांचं नाव आहे, उड्या मारत गेलं की ते कुठेही सापडतं. १९९४ मध्ये उत्पत्तीतल्या अशा उड्यांवर एका संख्याशास्त्राच्या मासिकात निबंध आला होता, १९९९ मध्ये त्याच मासिकात त्याचं खंडनही आलं, आणि ब्रेंडन मॅके या गणितज्ञाने तीच उडी-पद्धत ‘मोबी डिक’ कादंबरीला लावून नेत्यांच्या हत्यांची भाकितं काढून दाखवली. शिवाय कुम्रानला १९४७ मध्ये सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी बघा, तिच्यात वाव आणि योद ठिकठिकाणी जास्तीचे लिहिलेत. एक अक्षर वाढलं की तुमची वीसची उडी गेली.

आता कुठे अक्षराशी खरंच थांबावं ते सांगतो. यशया ९:७, ‘त्याच्या सत्तेची वृद्धी’. हिब्रूत म हे अक्षर शब्दाच्या शेवटी आलं तर बंद चौकोनी लिहितात आणि मध्ये आलं तर उघडं. इथे शब्दाच्या मध्येच बंद म आहे. यहुदी लेखकूंनी शतकानुशतकं ती विचित्र गोष्ट तशीच जपली. तालमुद म्हणतं की देव हिज्कीया राजाला मशीहा करणार होता पण ते बंद झालं, म्हणून बंद म. ख्रिस्ती वाचकांनी म्हटलं की हा कुमारीचा बंद गर्भ. काही अभ्यासकांना वाटतं की आधीच्या ‘शालोम’ची अक्षरं लिहिणाऱ्याच्या हातून दुसऱ्यांदा उतरली असावीत, आणि माझा कल त्यांच्याकडे आहे. पण निदान इथे अक्षर खरोखर वेगळं आहे, कोणी कल्पनेने बनवलेलं नाही.

स्तोत्र २२:१६ त्याहून महत्त्वाचं, ‘माझे हातपाय विंधले’. नेहमीच्या हिब्रू पाठात तिथे ‘सिंहासारखे’ असं वाचलं जातं, कारण शब्दाच्या शेवटी योद आहे, योदऐवजी वाव असेल तर तो क्रियापदासारखा वाचता येतो, आणि मृत समुद्राजवळ नाहाल हेवेरला सापडलेल्या जुन्या तुकड्यात वावच दिसतो. ग्रीक भाषांतरातही क्रियापदच आहे, ‘खणलं’ असं. पण शब्दात मधे एक आलेफ उरतो तो कुठल्याच बाजूने नीट बसत नाही, आणि नवा करार हे स्तोत्र इतक्या वेळा वापरतो तरी नेमकं हे वचन उद्धृत करत नाही. म्हणून ‘यहुद्यांनी अक्षर बदललं’ असं बोलू नका. योद आणि वाव हाताने लिहिताना इतके सारखे दिसतात की कोणाचीही गफलत होईल.

कोणी म्हणेल की पौलाने गलती ३:१६ मध्ये ‘संतान’ एकवचनी आहे यावर अख्खा मुद्दा उभा केला, मग आम्ही का नाही. बरोबर आहे, पौल त्या काळच्या रब्बींसारखाच वाद करतोय. पण बघा, त्याच्या हातात अब्राहामाला दिलेलं वचन आहे, पूर्ण गोष्ट आहे, एकवचन त्या गोष्टीला टोक देतं. गोष्ट बाजूला ठेवून नुसतं अक्षर उचलणं तो करत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. हे शास्त्र आधी यहुद्यांचं आहे, आणि आपल्याकडे तर कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलणारे, आपल्याच शेजारचे, त्यांच्या दारावर शास्त्रवचनांची छोटी डबी असते, मेझुझा, तिच्यावर शिन अक्षर असतं. ‘तुमच्या पुस्तकात आमचा पुत्र लिहिलाय, तुम्हालाच वाचता येत नाही’ हे वाक्य मी एखाद्या बेने इस्राएल आजोबांसमोर बोलू शकेन का, हा मी स्वतःला विचारतो तो प्रश्न. जर्मनीतल्या योहानेस रॉयखलिनने १५०६ मध्ये ख्रिस्ती लोकांसाठी हिब्रू व्याकरण लिहिलं. यहोवा नावाच्या चार अक्षरांत मधे शिन घातला की येशू होतो असंही तो म्हणायचा, जे चूक आहे कारण येशूआ आयिन या अक्षराने संपतो आणि तो आयिन या पाच अक्षरांत नाहीच. पण यहुद्यांची पुस्तकं जाळायची मोहीम निघाली तेव्हा त्यांच्या बाजूने उभा राहिला तोही हाच. त्याचं ते कोडं मी विसरायला तयार आहे, व्याकरण आणि ती हिंमत नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनीही केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळातून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांनीही वाट व्याकरणाचीच धरली.

तर रविवारी काय बोलायचं. ताव हवाच असेल तर यहेज्केल ९:४ घ्या. यरुशलेमेतल्या पापांबद्दल जे उसासे टाकतायत त्यांच्या कपाळावर खूण कर असं देव सांगतो, आणि खुणेसाठी हिब्रू शब्दच ‘ताव’ आहे. त्या काळच्या जुन्या लिपीत ताव फुलीसारखाच काढायचे, हे खरं आहे, आजच्या चौकोनी लिपीत ते दिसत नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने याबद्दल यहुद्यांना विचारलं होतं. एक म्हणाला ताव शेवटचं अक्षर म्हणून पूर्णतेची खूण, दुसरा म्हणाला ‘तोरा’ हा शब्द तावने सुरू होतो म्हणून तोरा पाळणाऱ्यांची, आणि तिसरा, जो ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा होता, तो म्हणाला की जुना ताव क्रुसासारखा दिसायचा. तिन्ही उत्तरं तरुणांना सांगा, मग प्रकटीकरण ७ मधले कपाळावरचे शिक्के दाखवा, ते यहेज्केलावरूनच आलेत. यहेज्केलाच्या मनात रोमी वधस्तंभ होता असं फक्त म्हणू नका, तेव्हा तो नव्हताच. अर्धा तास आरामात भरतो.

आणि काकांचं. सगळ्यांसमोर व्हिडिओचं नावही काढू नका. सभा झाल्यावर त्यांच्याबरोबर बसा, योहान १, नीतिसूत्रे ८ आणि कलस्सै १ शेजारी शेजारी उघडा आणि म्हणा, काका, तुम्ही म्हणता ते ‘बेरेशीथ’मध्ये ख्रिस्त बघणं जुनंच आहे, फक्त रस्ता जरा वेगळा आहे. त्यांनी तरी अक्षरांचाच आग्रह धरला तर कागदावर ‘रेशेथ’ लिहून त्यांनाच वाचायला सांगा. नाहीच पटलं तर चहा घ्या आणि उठा, काकांशी वाद जिंकून तुम्हाला काय करायचंय.